बिनकटाची सतरावी प्लेट

कोल्हापूरहून परत आल्यापासून जो भेटतो तो एकच विचारतो, "अंबाबाईचं दर्शन झालं का?" झालं. रांगेत उभं राहून अगदी नीट झालं. पण आम्ही तिकडे सायकली घेऊन गेलो होतो असं सांगितलं की समोरच्याचा चेहरा बदलतो. "विनायकला घेऊन? सायकलवर?" आणि मग माझ्याकडे असं बघतात, जणू मीच त्याला ढकलत नेलं.

विनायक म्हणजे माझा नवरा. गेल्या वर्षी त्याला हार्ट अटॅक आला आणि दोन स्टेंट बसवावे लागले. त्याआधी आम्ही दोघं नाशिकच्या एका गटाबरोबर दर रविवारी सायकलिंगला जायचो. नंतर वर्षभर त्याची सायकल गॅलरीत कपडे वाळत घालायच्या कामी आली. या हिवाळ्यात सगळ्या तपासण्या करून डॉक्टर म्हणाले, "चालवा. पण बोलता येईल इतक्याच वेगानं, आणि एकटे जाऊ नका." विनायकनं त्यातलं 'चालवा' तेवढं ऐकलं आणि मी 'एकटे जाऊ नका' तेवढं. या वर्षात मला झोपेतसुद्धा त्याचा श्वास ऐकायची सवय लागली आहे. ती सवय त्याला आवडत नाही, आणि मला मोडता येत नाही.

माझी धाकटी बहीण मंदा कोल्हापूरला दिली आहे. तिचे यजमान राजाभाऊ यांचं खता-बियाणांचं दुकान आहे आणि रविवारच्या सायकल गटाचे ते पुढारी आहेत. त्यांचा फोन आला, "आक्का, साडूला घिऊन या. आमी हाय की! तिथं नाशकात कोण बघणार त्यास्नी?" नाशकात मी बघत होते, पण ते असो. गाडीच्या मागे सायकली बांधल्या आणि निघालो. वाटेचं सांगण्यासारखं काही नाही, हायवेचं काम सगळीकडे चालू आहे इतकंच.

रंकाळ्याचा फेरा

पहिल्या सकाळी राजाभाऊंनी आमची परीक्षा घेतली. रंकाळ्याभोवती एक फेरा. मी नेहमीप्रमाणे हेल्मेट, चमकणारं जॅकेट, पुढचा पांढरा दिवा, मागचा लाल दिवा, हँडलला आरसा असा सगळा साज चढवून बाहेर आले. फिरायला निघालेले एक आजोबा थांबून बघत राहिले. म्हणाले, "पावणं, वरात कुठं निघाली?" विनायक इतका हसला की मला आधी राग आला आणि मग बरं वाटलं. त्याला असं हसताना बऱ्याच दिवसांनी बघत होते.

पण राजाभाऊ हसले नाहीत. त्यांनी आमच्या सायकलींचे ब्रेक दाबून पाहिले, टायर दाबून पाहिले, आणि विनायकच्या मागच्या दिव्यावर चिकटलेला गाडीच्या प्रवासातला धुळीचा थर स्वतःच्या रुमालानं पुसला. तळ्यावर धुकं होतं. फिरणारी माणसं रस्त्याच्या मधूनच चालतात, घोळक्यानं आणि मोठ्यांदा बोलत, आणि त्यांच्या पायात कुत्री. इथं वेग घ्यायचा नाही, घंटी वाजवायची आणि घंटीनं नाही हलले तर तोंडानं सांगायचं, हे मी पहिल्या अर्ध्या फेऱ्यातच शिकले.

फेरा संपल्यावर आम्हाला एका गल्लीच्या तोंडाशी नेलं. तिथं म्हैस उभी, समोरच धार काढतात आणि फेसाळलेला ग्लास तसाच हातात देतात. राजाभाऊंनी विनायकच्या हातात ग्लास ठेवला.

"अरे विनायक, नको हं," मी म्हणाले.

दूधवाल्यानं धार काढणं थांबवलं. "वैनी नवऱ्याला अरे-तुरे करत्यात?"

आम्ही एका वर्गात शिकलो, त्यामुळे अहो-जाहो कधी जमलंच नाही, हे मी त्याला समजावून सांगितलं. त्याला ते पटलं नाही. एवढ्या गडबडीत विनायकनं अर्धा ग्लास संपवला होता.

चिखलीकडची पाणंद

दुसऱ्या दिवशी शहराबाहेर पडून प्रयाग चिखलीच्या बाजूला गेलो. शेतांमधून जाणाऱ्या कच्च्या वाटेला इकडे पाणंद म्हणतात. दोन्हीकडे डोक्याच्या वर ऊस, मधून बैलगाडी जाईल एवढी वाट, पायाखाली मऊ काळी माती. तोडणीचे दिवस असल्यामुळे वाटेवर वाळलेला पाला पसरलेला. दिसायला गादी, पण चाक घसरतं. राजाभाऊ सांगत होते, "पाल्यावर ब्रेक दाबायचा न्हाय. आदीच हळू व्हायचं."

इथंच मला गटाची रीत कळली. नाशिकला आमचा गट हातानं खुणा करतो. खड्डा आला की पुढचा बोट खाली करून दाखवतो, थांबायचं असेल तर तळहात मागे करतो. सगळं अगदी सभ्य आणि मूक. इथं ओरडतात. पहिला ओरडतो, "खड्डा हाय!" मागचा त्याच्या मागच्याला, तो त्याच्या मागच्याला, आणि तो खड्डा शेवटच्या माणसापर्यंत पोचेस्तोवर शेतातली माणसंसुद्धा वर बघून "खड्डा हाय!" म्हणतात. "म्हस!" "ट्रॉली आली!" "पोरं आडवी!" जाताना माझं डोकं उठलं. परत येताना मीही ओरडायला लागले आणि खरं सांगते, फार मोकळं वाटलं.

सगळ्यात शेवटी चालणाऱ्याला ते शेपूट म्हणतात. शेपटानं कोणाच्याही पुढे जायचं नाही, हा नियम. या वेळी शेपूट होती सुवर्णा. तिशीतली, शाळेत खेळ शिकवणारी, दमदार मुलगी. ती विनायकशी गप्पा मारत मागून येत होती आणि त्याला धाप न लागता बोलता येतंय हे मला पुढे ऐकू येत होतं.

उसाच्या ट्रॉल्यांबद्दल राजाभाऊंनी त्या संध्याकाळी जेवताना खास शिकवणी घेतली. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या जोडलेल्या असतात, मागची वळणावर आत ओढली जाते. दोन ट्रॉल्यांच्या मध्ये कधी शिरायचं नाही. गाणी एवढी मोठ्यांदा लावलेली असतात की घंटी ऐकू जात नाही, म्हणून ड्रायव्हरनं आरशात आपल्याला बघितल्याशिवाय पुढे काढायचं नाही. आणि सगळ्यांनी एकाच बाजूनं जायचं, उजवीकडून, एकामागोमाग एक. काही डावीकडून, काही उजवीकडून असं केलं की घात. मंदा ताटात तिसरी भाकरी टाकत म्हणाली, "ह्यांचं ऐकून घ्या, पण घाबरू नका. सोळा वर्षं चालवत्यात, अजून धड हायत."

मला मात्र रात्री डोळ्यांसमोर ट्रॉल्याच दिसत होत्या.

जोतिबा

रविवारी पूर्ण उजाडल्यावरच निघालो. अंधारात आणि धुक्यात ट्रॉलीच्या मागच्या बाजूचं काही दिसत नाही, म्हणून गटाचा तो नियमच आहे. आम्ही सतरा जण होतो. बेत असा की जोतिबाला चढायचं, पलीकडे गिरोलीचा घाट उतरायचा, कोडोलीत नाश्ता, वारणानगरला जाऊन परत.

जोतिबाचा चढ आम्ही दोघं बराचसा सायकल हातात धरून चढलो. त्यात लाज कसली? वर पोचलो तेव्हा गुलालानं गुलाबी झालेल्या पायऱ्यांवर ऊन पडलं होतं. दुकानदार हाका मारत होते, "या ताई, नारळ घ्या, खोबरं घ्या, सायकल हितंच ठिवा, कोण न्हेत न्हाय!" आणि खरंच, कुलूप न लावता ठेवलेल्या सायकलींकडे एक नारळवाली आजी स्वतःहून लक्ष देत बसली. नाशिकला मी दोन कुलपं लावते.

विनायकच्या कपाळावर गुलाल, डोळ्यांत पाणी. वाऱ्यामुळे असेल. त्याच्या फोनचा कॅमेरा चांगला म्हणून त्यावर त्याचे फोटो काढले आणि फोन माझ्याच हँडलच्या पिशवीत टाकला. मग मी त्याच्या मनगटावर बोटं ठेवली, नाडी बघायला. त्यानं हात काढून घेतला.

"तू आता पुढे हो," तो म्हणाला. "राजाभाऊंबरोबर जा. माझ्या मागे सुवर्णा आहे. दोन दिवस तू आरशात मला बघतेस, रस्त्याकडे बघतच नाहीस. माझ्याआधी तूच पडशील."

यात तथ्य होतं, म्हणून मला जास्तच राग आला. "ठीक आहे," म्हणाले आणि पुढे झाले. घाट उतरताना दोन्ही ब्रेक हळूहळू दाबत, वळणावर बाहेर न जाता, मी छान उतरले. एकदाही मागे पाहिलं नाही. खाली सपाटीला लागल्यावर एका वळणावर उसानं भरलेला ट्रॅक्टर अर्धा रस्ता अडवून बंद पडला होता. राजाभाऊंनी हात वर केला, ओरडले, "ट्रॉली! उजवीकडनं!" आम्ही ओरडा मागे दिला आणि उजवीकडून निघालो. घाटात गट लांबला होता, मागची बरीच मंडळी अजून उतरत होती.

कोडोली

आता इथली गंमत ऐका. म्हणजे आता ती गंमत वाटते.

माणसं मोजायची या गटाची पद्धत म्हणजे नाश्ता. माणसं सतरा, तर प्लेटी सतरा. प्रत्येक प्लेटीला धनी मिळाला की सगळे पोचले. "डोकी मोजताना चुकतं, प्लेटी मोजताना कोण चुकत न्हाय," राजाभाऊ मला अभिमानानं म्हणाले. मला ते फारच शहाणपणाचं वाटलं.

हॉटेल छोटं. बायका आत बसल्या, पुरुष बाहेर उन्हात बाकड्यांवर. आपण ज्याला तर्री म्हणतो त्याला तिथं कट म्हणतात, आणि मिसळीबरोबर पाव नाही, ब्रेडच्या स्लाइस देतात. मी हात धुवायला मागे जाता जाता हॉटेलवाल्या अण्णांना सांगितलं, "बाहेर आमचे मिस्टर येतील, पांढऱ्या केसांचे, पाहुणे. त्यांना कट घालू नका. नुसती उसळ, फरसाण कमी."

"काळजी सोडा," अण्णा म्हणाले.

मी परत येऊन बसले. जरा वेळानं सुवर्णाही आली, घामाघूम. "सगळे पुढं आले न्हवं?" तिनं विचारलं. बाहेरून राजाभाऊंचा आवाज आला, "सतरा झाल्या! हाणा आता!" सुवर्णा हुश्श करून बसली. मीही. मिसळ झणझणीत होती, नाकातून पाणी आलं, आणि मी मनाशी ठरवलं की आज दिवसभर विनायकची नाडी बघायची नाही. बाहेर बसलाय, खाऊ दे निवांत. मी उठूनसुद्धा बघितलं नाही.

तेवढ्यात दारात एक अनोळखी म्हातारे उभे राहिले. पांढरे केस, धोतर, हातात प्लेट. त्यांच्या सायकलला दोन्हीकडे दुधाच्या किटल्या होत्या, ती आमच्या सायकलींच्या ओळीतच उभी होती. ते अण्णांवर तडकले, "अण्णा, रोज हितनं जातोय मी. ही कसली मिसळ दिलीस? आजाऱ्याला देत्यात तसली! कट कुठाय कट?"

अण्णा गोंधळले. "पांढऱ्या केसाच्या पावण्याला बिनकटाची, असं वैनींनी सांगिटलं की."

"मी कुठला पावणा? ह्या राजाभाऊनं हाक मारली, या की मामा, सायकलवाला म्हंजे आपलाच गडी, म्हणून बसलो."

माझ्या हातातला ब्रेड हातातच राहिला. ती प्लेट विनायकची होती. ती या म्हाताऱ्यांनी खाल्ली होती. मग विनायक कुठे होता?

मी बाहेर धावले. बाकड्यांवर बघितलं, सायकलींमध्ये त्याची निळी सायकल शोधली. नव्हती. वाटेत दिसलेल्या पाहुण्याला हाताला धरून बसवायचं आणि त्यालाच मोजून टाकायचं, हे दुसरीकडे कुठे झालं नसतं. राजाभाऊ उभे राहिले. आतली-बाहेरची डोकी त्यांनी बोटानं मोजली. सोळाच.

"फोन लावा," कोणीतरी म्हणालं. फोन माझ्या पिशवीत होता. तो माझ्याच पिशवीत वाजला.

सुवर्णा रडायच्या बेतात होती. "काकू, मी कुणाच्याच फुडं गेले न्हाय हो. त्या बंद पडल्याल्या ट्रॉलीपर्यंत काका माज्या फुडंच हुते. वळणावर दिसंनात, मला वाटलं वेग धरला. मी उजवीकडनं काढली, फुडं रस्ता मोकळा..." ती थांबली. तिच्याही लक्षात आलं. तो डावीकडून गेला असणार. ट्रॉलीच्या त्या बाजूला, उसाच्या आड.

उलट्या दिशेनं

मी, राजाभाऊ आणि सुवर्णा उलटे निघालो. मागून कोणी म्हणालं, टमटम करा, पण मला वाट बघवेना. मी तेव्हा काय विचार करत होते ते लिहायला आजही नको वाटतं. डॉक्टरांचं 'एकटे जाऊ नका' कानात वाजत होतं. तो उसात पडला असेल, छातीवर हात ठेवून, आणि तो कोणालाही न दिसता आम्ही सोळा जण ओरडत पुढे निघून गेलो असू. आणि मी, जी वर्षभर त्याला नजरेआड होऊ देत नव्हते, ती नेमकी या एका तासात मिसळ खात बसले होते. मी सायकल कशी चालवत होते देव जाणे. राजाभाऊ पुढून ओरडले, "आक्का, खड्डा!" आणि मी तो चुकवला. सवयीनं मागे "खड्डा!" म्हणून ओरडलेसुद्धा.

वाटेत एक बाई चाऱ्याचा भारा घेऊन येत होत्या. राजाभाऊंनी विचारलं, "मावशी, निळ्या सायकलीवालं एक पावणं बघिटलं का?"

"बघिटलं की. ट्रॅक्टरपाशी बसल्यालं."

"बसल्यालं म्हंजे? बरं हाय न्हवं?"

"मला काय ठावं बाबा, बसल्यालं हुतं एवढं खरं."

बसलेला. म्हणजे का बसलेला? मी त्यांचं पुढचं ऐकायला थांबले नाही.

पुढच्या वळणावर ट्रॅक्टरचा आवाज आला, पण गाण्याचा नाही. आधी विनायक दिसला. सायकलवर होता. अगदी सावकाश, रस्त्याच्या डाव्या कडेनं, कपाळावरचा गुलाल अजून तसाच. आणि त्याच्या मागे, त्याच्याच वेगानं, उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या घेऊन तो ट्रॅक्टर, पुढचे दिवे लावून, गाणी बंद करून, दोन्ही बाजूंना हात करत कोणाला पुढे घुसू न देणारा ड्रायव्हर. त्याच्यामागे मोटारसायकली, एक दुधाचा टेम्पो, एक जीप, सगळी रांग सायकलीच्या वेगानं.

मी सायकल टाकली. कडेला लावायची असते, मला माहीत आहे, मीच सगळ्यांना सांगते. रस्त्यात टाकली आणि त्याच्या छातीवर दोन्ही हात ठेवले. हृदय व्यवस्थित चाललं होतं.

"अगं, काही झालं नाही," विनायक म्हणाला. "ट्रॉली म्हणून ऐकलं, पण डावीकडून का उजवीकडून ते वाऱ्यात कळलं नाही. डावीकडे शिरलो तर वरून एक मोळी घसरून पुढ्यात पडली. थांबलो, तर पाला मागच्या चाकात असा गुंडाळला गेला की पेडल हलेना. सुवर्णा पलीकडून गेली ते मी ऐकलं. ओरडलो पण. या गटात ओरडणारा कोणाला वेगळा कसा ऐकू येणार?"

ड्रायव्हर खाली उतरला होता. चोविशी-पंचविशीचा असेल. "माज्या ट्रॉलीची पिन मोडल्याली, मी तीच बशिवत हुतो. मग दोघांनी मिळून ह्येंचा पाला काढला. मी म्हटलं बसा जरा, पाणी प्या. तर म्हणाले, बायको काळजी करंल, निघतो. म्हटलं एकटं कसं सोडायचं? मागनं दुसरी ट्रॉली आली तर? चला म्हटलं फुडं, मी हाय मागं."

मला त्याला खूप काही म्हणायचं होतं. त्याऐवजी मी रडायला लागले, भर रस्त्यात, विनायकच्या जॅकेटला धरून. सुवर्णाही रडत होती. राजाभाऊ दुसरीकडे बघून सारखं नाक पुसत होते. आणि एवढी वाहनं मागे खोळंबली होती, पण एकानंही हॉर्न वाजवला नाही. बराच वेळ नाही. शेवटी टेम्पोवाल्यानं खिडकीतून डोकं काढलं.

"वैनी, गावला न्हवं माणूस? मग आता जरा कडंला घ्या की! माजं दूध नासंल!"

आधी विनायक हसला, मग मी, मग ती सगळी रांगच. आम्ही सायकली उचलून कडेला झालो. ट्रॅक्टरवाला जाता जाता गाणी पुन्हा सुरू करून गेला, पहिल्यापेक्षा मोठ्यांदा.

कोडोलीत सगळे रस्त्यावर उभे होते, दूधवाले मामासुद्धा, किटल्या तशाच ठेवून. कोणी मिसळ संपवली नव्हती. अण्णांनी विनायकला ताजी प्लेट दिली, बिनकटाची, आणि तो तिथंच उभ्या उभ्या खाऊ लागला. मामांना कटाची दिली. वारणानगर राहिलं, ते कोणाच्या लक्षातही नव्हतं.

निघायच्या आधी राजाभाऊ बाकड्यावर उभे राहिले. प्लेटींचा विषयच नको, म्हणाले, आता नावं घेणार, आणि ज्याचं नाव त्यानंच ओरडायचं, दुसऱ्यानं न्हाय. एकेक नाव घेत गेले. एकेक आवाज येत गेला. मी माझ्या नावाला ओ दिली. मग त्यांनी, साडूला कधी नावानं हाक मारत नाहीत तरी, नाव घेतलं, "विनायक!"

आणि माझ्या मागून, अख्ख्या कोडोलीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यांदा, माझा नाशिकचा नवरा ओरडला, "हाय की!"